डाग सांगा, मग लूट म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाँड्रीवाल्यांच्या लुटीवरचा कालचा लेख दुकानातच वाचला, तोही एका गिऱ्हाइकाने मुद्दाम समोर धरला म्हणून. बाईंची लेखणी झकास आहे. ड्रायक्लीनिंग म्हणून कपडे रॉकेलात बुचकळायचे एवढे पैसे कसले, हा त्यांचा सवाल. बाई, रॉकेल नाही हो ते. लहान दुकानांत एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन वापरतात आणि मोठ्या मशिनवाल्यांकडे पर्क, म्हणजे पर्क्लोरोइथिलीन नावाचं रसायन असतं. या दोन्हीत तेल-तूप विरघळतं, साखर विरघळत नाही. माझं घोडं तिथेच अडलं.

गेल्या लग्नसराईत एक ताई मोतिया रंगाची सिल्कची साडी घेऊन आल्या. डाग कुठे पडलाय का, विचारलं. ‘छे हो, तासभरच नेसले होते.’ उजेडात धरून पाहिली, खरंच काही दिसेना. धुऊन आली तेव्हाही स्वच्छ. पदरावरून गरम इस्त्री फिरली आणि तांबूस ठिपके वर आले, कडेला गडद. लिंबू सरबत! वाळलं की दिसत नाही, ड्रायक्लीनिंगला दाद देत नाही आणि उष्णता लागली की त्यातली साखर करपते. आधी कळलं असतं तर स्पॉटिंगच्या, म्हणजे एकेक डाग काढायच्या टेबलावर पाण्याच्या बारीक फवाऱ्याने निघालं असतं. ताईंचं एकच पालुपद, ‘तुम्ही साडी जाळलीत.’ अहो, इस्त्रीचा चटका इस्त्रीच्या आकाराचा बसतो, शिंतोडे कसे उडतील? पण दुकानासमोर चार माणसं जमली की लाँड्रीवाला चोर, हे ठरलेलंच. बिल तर सोडलंच, वर साडीचे पैसे हप्त्याहप्त्याने भरले. ही लूट नेमकी कोणी कोणाची केली, तेवढं लेखिकाबाईंनी सांगावं.

पुढे बाईंना वासाचा त्रास होतो म्हणे. त्यांना तो कपाट उघडल्यावर दोन मिनिटं येत असेल. पर्कच्या मशिनचं दार उघडून ओले-गरम कपडे ओढणारा पोरगा दिवसभर त्यातच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पर्क माणसाला बहुधा कर्करोगकारक असल्याचं म्हटलंय. अमेरिकेने डिसेंबर २०२४मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत बंद करायचा नियम केला. त्या पोरावर कधी चार ओळी छापाल? तुमच्याकडे लाँड्री म्हटलं की महालक्ष्मीच्या धोबीघाटाचा फोटो, तोही पुलावरून काढलेला. खाली उतरायला नको!

आणि ‘कपडे वेळेवर मिळत नाहीत’? माझ्याकडे दिवाळीआधी टाकलेले ब्लेझर होळीपर्यंत लटकत असतात. मग एक दिवस साहेब येणार, ‘पावती सापडत नाही, पण निळा होता.’ निळे सगळेच आहेत, साहेब.

जाता जाता एक. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या आम्ही तुमच्याच पेपरात बांधतो. पूर्वी बिनधास्त बांधायचो, हल्ली शाई पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला लागते. पुरवणीचा गुळगुळीत कागद घडीवर टिकतच नाही. छापखान्यात तेवढं बघायला सांगा, नाहीतर त्या डागाचाही लेख माझ्याच नावावर यायचा.

आपला,
एक लाँड्रीचालक, डोंबिवली (पूर्व)