आमच्या सौनाचे वायरिंग करून देणाऱ्या वायरमनमामांस

आदरणीय वायरमनमामा,
सा. न. वि. वि.

परसातल्या सौनाच्या, म्हणजे गरम हवेत बसून घाम काढायच्या लाकडी खोलीचे वायरिंग आपण करून दिलेत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. पत्र सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, आमची खोली पाहून खानापूर भागातल्या काही परिचितांनाही तशीच बांधायची हौस आली आहे आणि ते सुताराकडे आधी जातात, वायरमनकडे शेवटी.

सहा किलोवॅटचा हीटर एका फेजवर सुमारे २६ अँपिअर ओढणार, हे आपण आरंभीच सांगितलेत. तरीही ‘गीझरच्याच लाईनीवर जोडा’ असा आग्रह घरातून झाला, तेव्हा वाद न घालता आपण गीझरचा प्लग उपसून सर्वांसमोर धरलात. पितळी पिन काळवंडली होती आणि भोवतीचे प्लॅस्टिक फुगून तपकिरी झाले होते. ‘हे दोन किलोवॅटवर झालंय,’ एवढेच आपण म्हणालात आणि विषय मिटला. पुढे थ्री-फेजसाठी हेस्कॉम या वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घ्यायचा कन्नड अर्जही आपणच ओट्यावर बसून भरून दिलात.

खरे कौशल्य मला शेवटच्या हातभर वायरीत दिसले. छताजवळची हवा ८० ते ९० अंशांपर्यंत तापते आणि नेहमीच्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंशांपर्यंतच्याच कामाचे असते. म्हणून जंक्शन बॉक्स आपण बाहेरच्या भिंतीवर, खाली बसवलात आणि तिथून हीटरपर्यंत सिलिकॉन आवरणाची वायर घेतलीत. ती बेळगावात हवी तशी मिळेना, तर कोल्हापूरहून येईपर्यंत काम थांबवलेत. सुतार लाकडी फळ्या ठोकायला उतावीळ झाला होता. त्याने महिनाभर आपल्याशी अबोला धरला, हेही इथे नोंदवतो. आत एकही सॉकेट नको, टायमर बाहेरच हवा, या दोन्ही बाबतींत आपण कोणाचेही ऐकले नाहीत, हे बरेच झाले.

आमची जांभ्याची तांबडी माती उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी ओतण्यासाठी वर नरसाळे ठेवलेत. पावसाळ्यात खोली बंद राहिली आणि पुन्हा चालू करताच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, पडू लागली, तेव्हा ती बायपास करण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. आपण भर पावसात मेगर हे वीजगळती तपासायचे यंत्र घेऊन आलात, हीटरची एकेक कॉइल तपासलीत, एका कॉइलच्या आतल्या पांढऱ्या भुकटीने दमट हवा शोषल्याचे दाखवलेत, ती सुकवून परत बसवलीत आणि आरसीसीबीला हात लावला नाहीत.

त्या खेपेची मजुरी मात्र आपल्या बिलात कुठेच दिसत नाही. ती घालून बिल पुन्हा पाठवावे, अशी नम्र विनंती आहे. नाहीतर पुढच्या वेळी आपल्याला बोलवायला संकोच वाटेल.

आपला कृतज्ञ,
एक ग्राहक, खानापूर