मनूच्या फेलोशिपविषयी चिरंजीवास

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालास की मनू बंगळुरूची संशोधनाची फेलोशिप सोडते आहे, छोटी अजून वर्षाचीही नाही, दोनेक वर्षांनी बघू. मनू तिथेच होती, पण तिचा आवाज काही आला नाही. तुमच्या संसारात लक्ष घालू नये असे यांनी मला बजावले आहे आणि ते मला पटतेही. तरी लिहिते आहे, कारण होकार कळवण्याची मुदत महिनाअखेर संपते.

ते ‘दोनेक वर्षांनी’ माझ्या मनातून जात नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी झाली. एम.एस्सी.च्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली असत. टायट्रेशनमध्ये रंग पालटण्याच्या नेमक्या थेंबाला हात आवरणाऱ्या, जर्नल वेळेवर पुरे करणाऱ्या. पुढे परिसंवादांत आणि निवड समित्यांत त्यांच्यातली क्वचितच कोणी दिसे. आपल्या देशातल्या संशोधकांत पाचांमागे एकही स्त्री धड भरत नाही, आणि १९४२ साली स्थापन झालेल्या सीएसआयआरला, म्हणजे सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला, पहिली महिला महासंचालक मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. माझ्या त्या विद्यार्थिनी मला लग्नकार्यांत भेटतात. मुले जरा मोठी झाली की पुन्हा सुरू करणार होते, मॅडम, असे त्या सांगतात. त्यांना कोणी बंदी केली नव्हती. घरातल्या कोणीतरी मायेनेच ‘सध्या थांब’ म्हटले होते.

लहानपणी तू कमलाबाई सोहोनींची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचास. १९३३ साली त्या मुंबईहून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, म्हणून मग वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले. १९३९ मध्ये त्याच कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, पेशींना ऊर्जा मिळवून देण्यात भाग घेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवले. लग्नानंतर मुंबईत आल्यावरही त्यांचे संशोधन थांबले नाही, नीरेवरचे त्यांचे काम त्या काळातलेच. ‘एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला हे कळले कसे नाही?’ असे तू दर वेळी रागाने विचारायचास, आणि तुझा तो राग पाहून मला किती बरे वाटायचे! कमलाबाईंना नकार देणारा माणूस निदान समोर उभा होता. त्याच्याशी भांडता येत होते. मनूने कोणाशी भांडावे? तू तर तिला नाहीही म्हटलेले नाहीस.

हे व्याख्यान झाले, रागावू नकोस. तू वाईट नवरा आहेस असे माझ्या मनातही नाही. बाळंतपणात रात्री-अपरात्री तू उठत होतास ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण दोन वर्षे म्हणजे काय, हे तुझ्या नोकरीत राहून कळणार नाही. पुष्कळ फेलोशिपच्या जाहिरातींत पीएच.डी. मिळून किती वर्षे झाली, हे आधी मोजतात. तेवढ्यात तिचाच विषय दुसऱ्या कोणीतरी पुढे नेलेला असतो, शिफारसपत्र देणारे गाइड निवृत्त झालेले असतात, आणि मुलाखतीला गेल्यावर मधली रिकामी जागा कशाने भरली, हे विचारतात. ते मी समितीत बसून ऐकले आहे. पुरुष उमेदवाराला त्याच्या मुलाबाळांविषयी विचारलेले मात्र कधी ऐकले नाही.

कामात खंड पडल्यावर संशोधनात परतणाऱ्या स्त्रियांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना २००२-०३ पासून आहे, २०१६ पासून पीएच.डी. करणाऱ्या मुलींना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळू शकते, नोकरदार आईला २०१७ पासून २६ आठवडे. हे सारे हवेच, आणि त्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या त्यांचे उपकार आहेत. पण खासगी कंपनीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही रजा नाही. मूल आईचेच, असे जणू कायद्यानेच धरून ठेवले आहे, आणि ते खोडून काढण्याची जागा घराशिवाय दुसरी नाही.

तुझ्या वेळी मला ९० दिवसांची रजा मिळाली होती. त्यानंतर माई आत्या तुला मांडीवर घेऊन यांच्या लूनावर मागे बसायच्या आणि मधल्या सुट्टीत कॉलेजात यायच्या. स्टाफरूममागच्या सामानाच्या खोलीत, काचेच्या बाटल्यांच्या खोक्यांमध्ये बसून मी तुला पाजत असे. तोवर बॅचकडे प्रयोगशाळा सहायक बघत. आत्यांना लोक काय काय म्हणत, पण त्या येत राहिल्या. त्या आल्या नसत्या तर माझी नोकरी टिकली नसती, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

दिवाळीत मनूने मला फोनवर आराबिडॉप्सिसच्या मुळाचे चित्र दाखवले होते. मोहरीच्या कुळातले ते एवढेसे रोप, आणि मुळाचे टोक हिरवे चमकत असलेले. ओल असेल त्या बाजूला मूळ कसे वळते, हे ती छोटीला कडेवर घेऊन सांगत होती, आणि तिकडे करंज्या तेलात होत्या याचे आम्हा दोघींनाही भान राहिले नाही. त्या कामापासून तिला दोन वर्षे लांब ठेवायचे, हे मला सहन होत नाही. पुन्हा तेच लिहिले मी.

निर्णय तुमचा दोघांचा आहे. मात्र तो दोघांचा व्हावा, म्हणून हे पत्र मनूलाही वाचायला दे, आणि तिला काय हवे ते ती बोलेपर्यंत थांब. तुझ्या कंपनीचे बंगळुरूला ऑफिस आहे, हे तूच गेल्या वर्षी सांगितले होतेस. बदलीविषयी या आठवड्यात विचारून बघ. पहिले सहा महिने मी तिकडे येऊन राहते, यांचे जेवणखाण ताई बघेल, तिच्याशी माझे बोलणे झाले आहे. छोटीची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस पुण्यातच द्यायची की बंगळुरूला, तेवढे विचारून कळव, म्हणजे मला रेल्वेचे तिकीट काढता येईल.

तुझी,
आई