आवाहन : मंगळवार-शुक्रवारचा आपला बालसंगीत वर्ग खंडित होऊ देऊ नका

सस्नेह नमस्कार,

गेल्या मंगळवारी वर्ग ऐन रंगात असताना तबल्याची वादी, म्हणजे ताण धरणारी चामड्याची पट्टी, तुटली. सूर जरा चढवावा म्हणून साथीला बसणाऱ्या दादांनी तबल्याच्या बाजूच्या लाकडी गठ्ठ्यावर हातोडी मारली आणि वादी तटकन गेली. मुलं मात्र थांबली नाहीत. ताईंनी मांडीवर ठेका धरला, बावीस चिमुकल्यांनी टाळी-खाली देत सोळा मात्रांच्या त्रितालाचं आवर्तन पुरं केलं आणि भूप रागातली सरगम बरोब्बर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणून सोडली. मी दाराशी उभा होतो. त्याच रात्री वर्गाच्या खर्चासाठी मदतीचं हे आवाहन लिहायला बसलो.

हा वर्ग कसा उभा राहिला हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, तरी नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगतो. वाड्याच्या ओसरीवर पाच मुलं आणि एक पेटी एवढ्यावर सुरुवात झाली. ती पेटी वाड्यातल्या आजींनी दिली, त्यांच्या यजमानांची. नुसती देऊन त्या थांबल्या नाहीत. वर्गाच्या आधी येऊन पदराने पट्ट्या पुसायच्या, भाता हलवून बघायच्या, मगच घरी जायच्या. पहिली कितीतरी वर्षं गुरुजींनी एक पैसा मानधन घेतलं नाही. मुलं वेळेवर यावीत एवढाच त्यांचा हट्ट. वाडा पाडायला काढला तेव्हा नागरिक संघाने सभागृह विनाभाडे दिलं, ते आजतागायत. छापखानेवाल्या काकांनी पावतीपुस्तकं कायम फुकट छापून दिली. पोळीभाजी केंद्राच्या वहिनी दर गुरुपौर्णिमेला सगळ्या मुलांना शिरा खाऊ घालतात. आणि त्या ओसरीवर ‘सा’ लावायला शिकलेली एक मुलगी आज संगीतातल्या विशारद परीक्षेच्या तयारीत आहे, तरी शुक्रवारी लहानांना अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे, घोटून द्यायला न चुकता येते. या सगळ्यांचे ऋण न फिटणारे आहेत.

आपल्या पुण्याला गाण्याचं शहर म्हणतात ते उगीच नाही. १९११ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज काढला, १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धनांनी इथे गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, १९५३ पासून भीमसेन जोशींनी सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची परंपरा घालून दिली. सवाईच्या मंडपात समेला हजारो माना एकदम हलतात, ते कान लहानपणी कुठल्यातरी सतरंजीवर तयार झालेले असतात. आपली सतरंजी त्यातलीच एक.

काही पालक विचारतात, मे महिन्यात दहा दिवसांचं शिबिर घेतलं तर नाही का चालणार? नाही चालत. शिबिरात दोन समूहगीतं पाठ होतात, जूनमध्ये विसरतात. कान आठवड्यामागून आठवडे बसून घडतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परत येतात तेव्हा बहुतेकांचा गंधार, म्हणजे ‘ग’ हा सूर, उतरलेला असतो. तो जागेवर आणायला ताईंना पुन्हा ‘सारेग, रेगम’पासून पंधरा दिवस लागतात. तीन आठवड्यांच्या खंडाची ही गत, मग सहा महिने वर्ग बंद राहिला तर काय होईल?

आपल्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा येतो. पहिले आठ महिने तो कोणाशी अक्षर बोलला नाही. गायचा नाही, फक्त हातावर ताल द्यायचा. एकदा ताईंनी त्रितालाच्या नवव्या मात्रेला, जिथे टाळी न देता खाली दाखवायची असते, मुद्दाम टाळी दिली. हा गर्रकन वळला आणि मोठ्यांदा म्हणाला, “खाली!” त्याची आई बाहेर चपला आवरत होती, ती तिथेच खाली बसली. आता तो पहिल्या रांगेत बसून गातो.

लिहू नये, पण लिहितो. गेल्या वर्षी आम्ही दोनशे घरी पत्रकं वाटली. नऊ घरांतून उत्तर आलं. गणपतीच्या वर्गणीला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही, त्याचा आनंदच आहे. पण मंडपात सुरात आरती म्हणतात ती हीच मुलं. तेव्हा सगळे मोबाइल उंच धरून चित्रण करतात आणि विसर्जन झालं की वर्ग कोणाच्या लक्षात राहत नाही, याचं वाईट वाटतं.

आता खर्चाचं. ताईंचं मानधन ६,००० आणि साथीचे ३,००० असे महिन्याला ९,००० रुपये लागतात. फी १५० रुपये, बावीसपैकी सहा मुलांना माफ, म्हणजे जमा २,४००. उरलेले ६,६०० आजवर आजी आणि आणखी एक गृहस्थ मिळून भरत होते. आजी माघात गेल्या, ते गृहस्थ लेकीकडे राहायला गेले. म्हणून एकरकमी देणगीपेक्षा दरमहा २०० रुपये देणारी ३३ घरं हवी आहेत. शिवाय काळी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, सुराचा लहान तोंडाचा एक तबला हवा. आहे तो काळी एकचा, त्याच्या सुरात गाताना मुलांचा आवाज मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, विरून जातो. कोणाकडे वापरात नसलेला असेल तर तोही चालेल. पेटीचे तीन सूर बसले आहेत, दुरुस्तीची रक्कम कोणी उचलली तर उपकार होतील. रोख, धनादेश किंवा कार्यालयातल्या फळ्यावरच्या क्यूआर कोडवर. पावती लगेच मिळेल. कार्यालय रोज संध्याकाळी ६ ते ८, रविवारी बंद. नावं गुरुपौर्णिमेच्या आत कळवावीत, कारण ताईंना पुढच्या सहामाहीचं त्याच दिवशी सांगायचं आहे.

देणं शक्य नसेल त्यांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी साडेपाचला येऊन दहा मिनिटं वर्गात बसावं. चपला बाहेर काढाव्यात, मुलं सा लावून बसलेली असतात.

आपला,
चिटणीस, बालसंगीत वर्ग