दीड वितेची सुरमई

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत खोल समुद्रातल्या मासेमारीवर पानभर मजकूर आला होता. कुपा (म्हणजे टूना), तलवार मासा, मोठ्या बोटी, परकीय चलन, केंद्राने 2025 च्या नोव्हेंबरमध्ये केलेले नवे नियम, सगळं होतं. आवडीने वाचलं. पण मासा शेवटी जिथे विकला जातो, त्या बाजाराबद्दल एक ओळही नव्हती. भुसावळच्या माणसाने समुद्रावर बोलू नये असं कोणी म्हणेल, तर त्याने रविवारी सकाळी आमच्या मच्छीबाजारात एक चक्कर मारावी.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सलमध्ये गेली. बर्फाचं पाणी गळणाऱ्या मासळीच्या पेट्या डोळ्यांसमोरून किती गेल्या त्याला गणती नाही. सौ. मूळची अलिबागकडची, त्यामुळे केळी-कापूस-भरताच्या मुलखात राहूनही आमच्या घरी सुरमई ओळखता येते. गेल्या महिन्यात एका ओट्यावर सुरमईचा ढीग दिसला. भाव निम्म्याहून कमी. घरी आणून शिवणकामाच्या टेपने मोजली. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 35 सेंटीमीटर, म्हणजे दीड वीत, वजन सव्वातीनशे ग्रॅम. सौ.ने पोट चिरलं आणि मला हाक मारून दाखवलं. गाबोळीच्या जागी दोन बारीक पांढुरक्या दोऱ्या होत्या, बस्स. “हिने अजून काही पाहिलंच नाही,” एवढंच ती म्हणाली.

सुरमई साधारण 70 सेंटीमीटरच्या आसपास पहिल्यांदा अंड्यावर येते. तोवर तिची दोनेक वर्षं झालेली असतात. आता हिशोब बघा. लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. हाच सव्वातीनशे ग्रॅमचा जीव समुद्रात राहिला असता तर अडीच किलोच्या वर गेला असता आणि वर लाखो अंडी टाकून गेला असता. रावेर-यावलच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. घड भरायच्या आत कापणाऱ्याला तो वेड्यात काढतो. मग मासळी घेताना आपलं शहाणपण कुठे जातं?

विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, “काका, धाबेवाले हीच मागतात. अख्खी तव्यावर बसते.” त्याची चूक काय? मोठ्या सुरमईचे काप करावे लागतात, ताटात ती ‘अख्खी’ दिसत नाही. आमचे एक मित्र तर म्हणतात, मासा तो मासा भो, लहान काय नि मोठा काय.

लहान सापडली तर बोटवाल्याने परत सोडावी, असं पुष्कळांना वाटतं. ते होत नाही, आणि त्याला कारण माशाची घडण आहे. कुपा जातीचे मासे तोंड उघडं ठेवून सतत पोहतात तेव्हाच कल्ल्यांतून पाणी जातं. थांबले की गुदमरतात. सुरमईच्या पोटात तरंगायचा फुगाच नसतो, तिलाही थांबणं माहीत नाही. जाळ्यात अडकलेली सुरमई बोटीवर येईपर्यंत बहुधा मेलेलीच असते. मेलेली सोडली काय आणि ठेवली काय. तिला वाचवायचं तर एक तर जाळ्याचे डोळे मोठे हवेत, नाही तर लहान मासळीला गिऱ्हाईक नको. पहिलं बंदरावरचं काम आहे. दुसरं आपलं.

सगळ्यांना एकच पट्टी लावा, असं मात्र मी म्हणत नाही. कुप्यातला स्किपजॅक 45 सेंटीमीटरचा असला तर तो जाणता झालेला असतो, तेवढीच सुरमई म्हणजे पोर. यलोफिन कुपा तर जवळपास मीटरभर झाल्याशिवाय अंड्यावर येत नाही. म्हणून जातवार यादी लागते. केरळने 2015 मध्ये अशी किमान आकाराची यादी काढली, महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींची काढली. तिच्यात सुरमई आहे. बंदरांवर तिचा अंमल किती होतो ते तिकडच्यांनी सांगावं. आमच्या बाजारात ती यादी कोणी पाहिलेली नाही, आणि मी चार ओट्यांवर विचारलं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लेखात हवी होती. सेशेल्स बेटांवर व्हिक्टोरिया गावात हिंदी महासागर टूना आयोगाचं कार्यालय आहे. आयोग 1996 पासून आहे, भारत त्याचा सदस्य आहे. त्याच्या अखत्यारीत 16 जाती येतात. कुपे आहेत, तलवार मासा आहे, मार्लिन आहेत, आणि त्याच यादीत आपली सुरमईही आहे. कारण ती एका देशाच्या हद्दीत बसून राहत नाही. ओमान, इराण, पाकिस्तान, आपण, सगळेच तिला पकडतात. झेपेल त्यापेक्षा जास्त सुरमई पकडली जाते आहे, असा इशारा या आयोगाच्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत दिलेला आहे. भुसावळच्या ओट्यावरची दीड वितेची सुरमई त्या हिशोबात मोडते.

हे सुधारत नाही असंही नाही. अटलांटिक महासागरातला ब्लूफिन कुपा संपला म्हणून सगळे हात झटकून बसले होते. तिथल्या आयोगाने 2010 साली पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला वर्षाचा कोटा 13,500 टनांवर आणला. काही अपवाद सोडले तर 30 किलोखालचा मासा धरायचा नाही, असा नियम होताच. पण मला त्यातली खरी गोम वेगळीच वाटते, कदाचित पार्सलचा माणूस म्हणून असेल. तिथे माशाबरोबर कागद चालतो. कुठे पकडला, कोणत्या बोटीने, वजन किती, हे थेट जपानच्या घेणाऱ्यापर्यंत जातं. कागद नसेल तर माल उचलता येत नाही. 2021 मध्ये हा मासा धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीतल्या ‘संकटग्रस्त’ गटातून बाहेर आला. आमच्याकडे पेटीवर काय असतं? खडूने लिहिलेलं वजन आणि व्यापाऱ्याची खूण. केळीच्या वॅगनला याहून जास्त कागद लागायचे.

माझं मागणं फार नाही. मच्छीबाजाराच्या ओट्यांवर दोन-तीन रेघा रंगवून घ्याव्यात: ही पापलेटची, ही बांगड्याची, ही सुरमईची, रेघेच्या आत बसला तो मासा लहान. गिऱ्हाइकाला वाचता आलं नाही तरी दिसेल. नगरपालिकेला याला किती खर्च येणार? आणि आपण आपल्या बाजारभावाच्या पानावर ‘सुरमई’ असा एकच भाव छापता, तो लहान-मोठी असा वेगळा छापावा. सोबत शासनाची आकाराची यादी, मराठी नावांनी, सेंटीमीटरमध्ये. पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्या पंधरवड्यात लहान मासळीच्या पेट्या सगळ्यात जास्त येतात, तेव्हा त्याआधीच्या आठवड्यात छापली तर बरं.

आपला,
रेल्वे पार्सलचा एक निवृत्त कर्मचारी, भुसावळ