कढीपत्ता पाठवू नकोस, आई

कासारानी, नैरोबी
८ जून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी भांडण मिटवून टाकते. विमानतळावरून फोनवर मी जे बोलले ते जरा जास्तच झालं, मान्य आहे. पण आई, माझी काय अवस्था झाली असेल बघ. पोळ्यांच्या डब्याखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कढीपत्त्याचं रोप, तेही मुळासकट आणि मातीसकट. तपासणीवरच्या बाईंनी ते बाहेर काढून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं! मग त्यांची नजर माझ्या पिशवीला लटकलेल्या ओळखपत्राकडे गेली. कीटकांवर संशोधन करणारं केंद्र. त्या हसल्यासुद्धा नाहीत. रोप जप्त झालं, जाळायला गेलं, आणि मला एका कागदावर सही करावी लागली. त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

‘एवढ्याशा रोपानं काय होतंय,’ असं तू म्हणालीस. रोपानं काही होत नाही गं, पानामागे कोण बसलंय त्यानं होतं. गच्चीतल्या आपल्या कढीपत्त्याची कोवळी पालवी जरा उलटून बघ. तांदळाच्या कणीएवढा तपकिरी किडा दिसेल, डोकं खाली, मागचं अंग वर, पानात खिळा तिरका ठोकावा तसा बसलेला. हा सिट्रस सायला. कढीपत्ता आणि संत्र-लिंबू एकाच कुळातले, म्हणून तो दोन्ही घरी जेवतो. कढीपत्त्याचं तो फार बिघडवत नाही. संत्र्यावर मात्र तो ग्रीनिंग रोगाचे जिवाणू या झाडावरून त्या झाडावर नेतो. मग फळं अर्धी हिरवी, वाकडी, कडवट राहतात आणि झाड हळूहळू वाळतं. या रोगाला औषध नाही. फ्लोरिडात हा किडा १९९८ साली दिसला आणि रोग २००५ साली. ज्या राज्याची ओळखच संत्र्याचा रस, तिथल्या बागा त्यानंतर उजाड होत गेल्या. गेल्या दशकात आपला हा आशियाई सायला टांझानिया आणि केनियातही सापडलाय. त्यात आणखी चार मी इंदूरच्या रामबागेतून घेऊन आले असते.

असो. रोपाचं दुःख मलाही आहे. परवा रविवारी मी भुट्ट्याचा कीस केला आणि फोडणीत कढीपत्ता नव्हता.

त्या किसाची वेगळीच गोष्ट झाली. इथला मका पांढरा आणि निबर. त्याचं पीठ घोटून उगाली करतात, आपल्या उकडीसारखी पण घट्ट, आणि ती पोट खरंच भरते. इंदूरच्या सराफ्यातल्यासारखा कीस मात्र त्याचा होत नाही. दूध ओतत राहिले तरी दाणा काही मऊ पडेना. चौथं कणीस किसायला घेतलं तर शेंड्याकडून एक अळी निवांत बाहेर आली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चार काळे ठिपके चौकोनात. अमेरिकन लष्करी अळी. आठवडाभर जिच्यामागे धावते ती सुट्टीच्या दिवशी किसणीवर! माझ्याबरोबर राहणारी मुलगी म्हणाली, हिला पगारात धरायला हवं.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता की मी नक्की करते काय, आणि शेजारच्या काकूंना सांगता ‘ती किडे पाळते’. ते खरंच आहे. आमच्या आवाराचं नावच दुदूविल, स्वाहिलीत दुदू म्हणजे किडा. हे केंद्र, इसिपे, १९७० साली थॉमस ओढियांबो या केनियन शास्त्रज्ञानं उभं केलं. लष्करी अळ्या पाळण्यातली पहिली अडचण अशी की त्या एकमेकींना खातात. म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी, वेगळं जेवण. शंभर अळ्या म्हणजे शंभर डबे रोज भरायचे. आई, तुला एका माझ्या डब्याचा कंटाळा यायचा.

दुसरी पाळलेली मंडळी म्हणजे टेलेनोमस. ही गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, पण मिलिमीटरभरसुद्धा नाही. लष्करी अळीचा पतंग पानावर अंड्यांचा पुंजका घालतो. ही त्या अंड्यांत स्वतःचं अंडं घालते, आणि मग अळीच्या जागी हिचीच पिल्लं बाहेर पडतात. मार्चमध्ये मी अशा अंड्यांचे पट्टे मांडून ठेवले आणि टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला विसरले. सकाळी येऊन बघते तर मुंग्यांनी सगळं साफ केलेलं. दोन महिन्यांचं काम गेलं. गुळाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवणाऱ्या बाईची मुलगी मी! आमच्या मार्गदर्शक बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त चार वाट्या टेबलावर ठेवून गेल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता भाऊकाकांचं. त्यांचा फोन आला होता: ‘रेवा, तिकडे त्या अळीवर कोणतं औषध मारतात?’ गेल्या खरिपात चोपड्याच्या मक्यावर त्यांनी तीन फवारण्या केल्या आणि तिसरीनंतर दोन दिवस चक्कर येऊन पडून होते, हे मला काकूंनी वेगळं सांगितलं. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा आपल्याकडे महिनाभर बातम्या होत्या. काकांना ते आठवत नसेल असं नाही. पण पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अळी दिसली की माणूस पंपच उचलतो.

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. बाबा, हे पान त्यांच्यापर्यंत पोचवा. सेंधव्याकडून शिरपूरला जाणारं कोणी मिळेलच, नाहीतर फोटो काढून पाठवा. पेरणीच्या आत मिळायला हवं.

काका, ही अळी आपली नाही. ती अमेरिकेतली. २०१६ च्या सुरुवातीला आफ्रिकेच्या पश्चिमेला दिसली आणि २०१८ च्या मे महिन्यात आपल्याकडे, कर्नाटकात शिवमोग्याला. तिचा पतंग वाऱ्यावर एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो, त्यामुळे तुमच्या शेतात ती आली यात तुमचा काही दोष नाही. तिला मारायची वेळ फक्त ती लहान असतानाची. पानांवर कागदासारखे पांढरट, आरपार दिसणारे चट्टे पडले की समजायचं, आत्ताच फुटली आहे. एकदा ती पोंग्यात शिरली की स्वतःच्या विष्ठेचा भुसा वर बुचासारखा लावून खाली बसते. मग वरून कितीही महाग औषध ओता, ते भुशालाच लागतं. तुमची तिसरी फवारणी बहुधा त्या बुचावरच गेली.

तेव्हा पीक उगवलं की आठवड्यातून दोनदा सकाळी शेतात शिरा. धुऱ्यावरून बघून कळत नाही, वाकून पोंगा उघडावा लागतो. पानावर कापसाच्या बोळ्यासारखा अंड्यांचा पुंजका दिसला तर बोटानं चिरडून टाका. पहिल्या महिन्यात पोंग्यात वाळू आणि चुना, नऊला एक, असं चिमूटभर टाकायचं. हे आपल्याच कृषी खात्याच्या सल्ल्यात आहे. इथले शेतकरी नुसती माती किंवा राख टाकतात. मक्यात तूर नाहीतर उडीद घ्या. आणि तरीही औषध मारावंच लागलं तर पोंग्यात जाईल असं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, अंगभर कपडे घालून, वाऱ्याकडे पाठ करून. लुंगी-बनियनवर नाही. काकू, लक्ष ठेवा.

बांधावर नेपिअर गवत लावा, हे मात्र मी आग्रहानं सांगते. म्हशींना तसाही चारा लागतोच.

नेपिअरवर माझा जीव का जडला ते सांगते. गेल्या महिन्यात आम्ही व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्बिताला गेलो होतो. इथल्या मक्याचा जुना शत्रू लष्करी अळी नव्हे, खोडकिडा. आणि तो इथला नाहीच. आपल्या ज्वारीत पोंगेमर करतो तोच हा. १९३० च्या सुमारास मलावीत पहिल्यांदा सापडला, आणि पुढे पूर्व आफ्रिकाभर पसरला. आला आपल्याकडूनच, आशियातून. त्याला आवरणारी कोटेसिया नावाची इवलीशी गांधीलमाशी मात्र मागेच राहिली होती. ती १९९३ साली पाकिस्तानातून आणून केनियाच्या किनाऱ्यावर सोडली. खोडात शिरलेल्या अळीला ती शोधून काढते आणि तिच्या अंगातच अंडी घालते. आता हिशेब बघा. आपला किडा इथे, त्याचा शत्रू पाकिस्तानातून. अमेरिकेची अळी आपल्याकडे आणि इथेही, आणि तिच्या अंड्यांवर टपलेली टेलेनोमस मूळची आशियातली! पासपोर्ट फक्त मला लागतो.

म्बिताला या खोडकिड्यावर नव्वदच्या दशकापासून एक पद्धत बसवत आणली आहे. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संस्थेची त्यात साथ होती. त्यात पुढाकार घेतलेले झेयाउर खान मूळचे आपल्याकडचेच. मक्याच्या दोन ओळींमध्ये डेस्मोडियम नावाचं जमिनीलगत पसरणारं द्विदल, आणि शेताभोवती नेपिअर. नेपिअरच्या वासाला पतंग भुलतात आणि तिथे अंडी घालतात, पण त्यातून निघालेल्या अळ्या गवताच्या चिकट रसात अडकून बहुतेक मरतात. डेस्मोडियमच्या वासानं पतंग मक्यापासून लांब राहतात. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं ओढायचं. शिवाय टारफुल्यावर, म्हणजे मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या तणावर, डेस्मोडियमचा वार जमिनीखालून होतो. त्याच्या मुळांतून असं काही झिरपतं की टारफुल्याचं बी उगवतं, पण मक्याच्या मुळाला चिकटू शकत नाही आणि उपाशी मरतं. इथे टारफुल्याला कायोंगो म्हणतात. जांभळी फुलं, दिसायला इतकी गोड की पहिल्या दिवशी मी फोटो काढला. शेताच्या मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं ती नजर मी विसरणार नाही. कोणी माझ्या आजारपणाचा फोटो काढून ‘छान’ म्हणावं तसं झालं असेल त्यांना.

या बाईंच्या शेतात ना वासाची चर्चा होती ना मुळांची. त्यांना विचारलं, ही पद्धत का टिकवली, तर त्यांनी गाय दाखवली. डेस्मोडियम आणि नेपिअर दोन्ही गायीच्या पोटात जातं. किडा त्यांच्या बोलण्यात शेवटी आला.

आमच्या मंडळींत मात्र वासावरूनच वाद आहे. काही वर्षांपूर्वी लष्करी अळी आली तेव्हा असं दिसलं की या पद्धतीच्या शेतात ती बरीच कमी असते. पण ते वासामुळेच का? अलीकडे काही संशोधकांनी दाखवलं की पतंग डेस्मोडियमच्या वासाला फारसे बिचकत नाहीत. त्याच्या खोडा-पानांवर आकड्यासारखे बारीक केस असतात, त्यांत लहान अळ्या अडकून भोसकल्या जातात. जुनी मंडळी हे पूर्ण मान्य करत नाहीत. मी भिंगाखाली ते केस पाहिले आहेत, एक अळी लटकलेली पाहिली आहे, त्यामुळे माझं मन त्या बाजूला झुकतं. जेवणाच्या टेबलावर हे बोलायचं नसतं, एवढं मी शिकले आहे.

बाबा, आता तुमच्यासाठी ठेवलेलं. इथल्या एका जुन्या कॉफीच्या मळ्यावर गेलो तेव्हा तिथले म्हातारे व्यवस्थापक खताचा ढीग दाखवत म्हणाले, इंदोर. मला वाटलं, मी कुठची ते त्यांना कोणी सांगितलं. तर ते खताला म्हणत होते! अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ आपल्याकडे होते. कृषी महाविद्यालयाच्या ज्या जमिनीजवळून तुम्ही मला स्कूटरवरून न्यायचात, तिथे त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख थराथरानं रचून तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. ती पुढच्या दशकात केनियाच्या कॉफीत आली. त्यांच्या १९३१ च्या पुस्तकावर दोन नावं आहेत, दुसरं यशवंत वाड. रसायनाचं काम त्यांचं. वाड! इंदूरला हॉवर्डांचं नाव निदान कोणी तरी घेतं, वाडांचं मी एकदाही ऐकलेलं नाही. तुमच्या वाचनालयातल्या मंडळींना विचारून बघा, कोणाच्या घरातले होते ते.

हॉवर्डांचं म्हणणं असं की कीड ही मास्तर आहे, माती बिघडली की ती येऊन सांगते. अर्धं मला पटतं. भाऊकाकांच्या मातीत सेंद्रिय काही उरलेलं नाही आणि मका हडकुळा येतो, हे मी स्वतः पाहिलंय. पण जी अळी परक्या मुलखात आपले शत्रू मागे ठेवून येते, ती चांगल्या मातीतला मकाही तितक्याच आवडीनं खाते. गच्चीवरच्या तुमच्या खड्ड्याचं खत काकांना पाठवा, पण ते घालून अळी जाईल असं मात्र सांगू नका.

इथे थंडी पडली आहे, जूनमध्ये स्वेटर. मटाटूच्या, म्हणजे इथल्या मिनीबसच्या, कंडक्टरला मी अजून इंदुरी सवयीनं ‘भिया’ म्हणते आणि तोही आता ओ देतो.

ऑगस्टमध्ये इथली एक मैत्रीण इंदूरला येणार आहे. तिच्याबरोबर मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि लसणी सेव पाठव, सेव जरा जास्त. डेस्मोडियमचं बी काकांसाठी पुडीत घालून पाठव, असं बाबा म्हणाले होते. ते होणार नाही, कारण तुम्हाला आता माहीत आहे. कढीपत्ता वाळवूनही नको. पार्कलँड्समधल्या गुजराती दुकानात मिळतो, इथल्याच मातीतला. काल आणला. वास थोडा कमी आहे.

काकांना म्हणावं, पोंगा उघडून फोटो पाठवा, उन्हाच्या आत काढलेला.

तुमची,
रेवा