अनइन्स्टॉल करायच्या आधी

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास की हेल्पडेस्कवर सगळ्यात जास्त कॉल व्हीपीएनचेच, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायच्या त्या सुरक्षित वाटेचेच, येतात, आणि तिथली पद्धत म्हणजे ‘काढून टाका, परत टाका, रीस्टार्ट करा’. तेव्हा तुझी बस आली आणि बोलणं अर्धं राहिलं. मी इतकी वर्षं हेच काम करते आहे, त्यामुळे या बाबतीत मला गप्प राहवत नाही.

अनइन्स्टॉल करणं चूक नाही, पण ती शेवटची पायरी आहे. क्लायंट, म्हणजे लॅपटॉपवरचं व्हीपीएनचं ॲप, काढला की बऱ्याचदा त्याच्याबरोबर लॉग (काय घडलं त्याची नोंद) जातो, प्रोफाइल (जोडणीची सेटिंग) जाते, कधी सर्टिफिकेटही (ओळखीचा डिजिटल दाखला) जातं. बिघाड नेमका कुठे होता, हे सांगणारा पुरावाच आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. शिवाय समोरचा माणूस घरून काम करत असेल आणि नवा इन्स्टॉलर कंपनीच्या आतल्या सर्व्हरवर असेल, तर तिथे पोचायला पुन्हा व्हीपीएनच लागतं. मग त्या माणसाचा अख्खा दिवस गेला म्हणून समज.

म्हणून आधी दोन प्रश्न विचार. व्हीपीएन बंद ठेवून एखादी साइट उघडते का? आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लावला तर व्हीपीएन जोडलं जातं का? हॉटस्पॉटवर चाललं, तर लॅपटॉपला हात लावायचं कारणच नाही. दोष घरच्या राउटरकडे किंवा त्या लाइनकडे आहे. एवढं कळलं तरी शोध निम्म्यावर येतो. त्यानंतर नीट ऐकून घे, की जोडलंच जात नाही, की जोडलं जातं पण काही उघडत नाही, की थोडं उघडतं आणि मग अडकतं. लोक तिन्हीला ‘व्हीपीएन चालत नाही’ असंच म्हणतात, पण तिघांचे उपाय वेगळे आहेत.

जोडलंच जात नसेल तर विंडोजचा एरर नंबर विचार. ६९१ म्हणजे बहुधा यूजरनेम-पासवर्डची गडबड. ८६८ म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ताच सापडत नाही. ८०९ म्हणजे मधे कोणीतरी अडवतंय, फायरवॉल किंवा राउटर. आयकेईव्ही२ या व्हीपीएन पद्धतीला यूडीपीचे (पोचल्याची खात्री न करता डेटा पाठवायची पद्धत) ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे डेटाच्या ये-जा करायचे क्रमांकित दरवाजे, लागतात, आणि हॉटेल, होस्टेलच्या वायफायवर ते बंद असणं नेहमीचंच. ओपनव्हीपीएन हे दुसरं व्हीपीएन मुळात यूडीपी ११९४ वर चालतं. सर्व्हरवर सोय केलेली असेल तर ते टीसीपी (पोचल्याची खात्री करत पाठवायची पद्धत) ४४३ वरही चालवता येतं, कारण वेबसाइटचा पोर्ट सहसा कोणी बंद करत नाही. पण लाइन खराब असेल तर टीसीपीवर ते फार रखडतं, म्हणून अडल्या वेळीच वापर. आणि लॅपटॉपचं घड्याळ बघायला विसरू नकोस. जुन्या मशीनचा सेल गेला की तारीख कुठेतरी मागे जाते, सर्टिफिकेट ‘अजून लागूच झालेलं नाही’ ठरतं आणि लॅपटॉपवरच्या ॲपमधला ओटीपीही जुळत नाही.

वायरगार्ड या तिसऱ्या व्हीपीएनचं मात्र वेगळं आहे, आणि नवी मुलं इथेच फसतात. बटण दाबलं की ते लगेच ‘ॲक्टिव्ह’ दाखवतं, पलीकडचा सर्व्हर बंद असला तरी! कारण त्यात ‘कनेक्ट झालं’ अशी वेगळी अवस्थाच नाही. तू ‘लेटेस्ट हँडशेक’ (सर्व्हरशी शेवटची ओळख कधी पटली) ही ओळ बघ. ती ओळच नसेल, किंवा आलेला डेटा शून्य असेल, तर ‘की’ (ओळखीची गुप्त किल्ली) चुकली आहे, पत्ता चुकला आहे नाहीतर पोर्ट बंद आहे. चुकीच्या कीला सर्व्हर उत्तरच देत नाही, ‘चुकलं’ असंही म्हणत नाही. मुद्दाम तसं बनवलंय, म्हणजे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळू नये. जेसन डोनेनफेल्ड यांनी केलेलं हे काम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये (गाभ्यात) गेलं. मला ते मनापासून आवडतं, पण त्याची ही शांतता ओळखायला शिकावं लागतं.

त्याच मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि आमचं सगळं ऑफिस एकदम घरी गेलं. अकाउंट्समधल्या एक मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. व्हीपीएन हिरवं दिसतंय, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्व्हर सापडत नाही म्हणतं. आदल्या दिवशी एकाने क्लायंट काढून परत बसवून दिला होता, तरी तेच. मी त्यांना काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायला लावली, आयपीकॉन्फिग टाइप करायला सांगितलं आणि म्हटलं, वायफायच्या खालचा आयपी नंबर (नेटवर्कवरचा पत्ता) सावकाश वाचा. त्यांनी वाचला: एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच. आमचा सर्व्हर होता १९२.१६८.१.२० वर. घर आणि ऑफिस दोन्हीकडे एकच रेंज (पत्त्यांची मालिका), त्यामुळे लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर त्यांच्याच घरात शोधत होता. घरच्या राउटरची रेंज १९२.१६८.५७ केली आणि काम सुरू झालं. खरं तर ऑफिसनेच ही रेंज वापरायला नको, कारण ती घरोघरच्या राउटरमध्ये आधीपासून असते. तुमच्याकडे काय आहे ते एकदा बघून ठेव.

रेंज वेगळी असूनही काही उघडत नसेल, तर नावाऐवजी थेट आयपीला पिंग (उत्तर येतं का बघणारी कमांड) करून बघ. आयपीला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची. उबंटू या लिनक्सवर वायरगार्ड चालू करणारी डब्ल्यूजी-क्विक ही कमांड ‘रिझॉल्व्हकॉन्फ: कमांड नॉट फाउंड’ म्हणून केलेलं मागे घेते, तेही यातलंच, डीएनएसच्या रिझॉल्व्हसीटीएल या कमांडलाच रिझॉल्व्हकॉन्फ नावाची लिंक करून दिली की सुटतं.

लॉगिनचं पान येतं, पण मोठी फाइल उघडताना सगळं थिजतं, असं असेल तर एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या (डेटाच्या तुकड्याच्या) कमाल मापाकडे, बघ. साध्या लाइनवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट, पीपीपीओई (ब्रॉडबँडची एक जोडणी) असेल तर १४९२, आणि व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टण चढवतं. वायरगार्ड म्हणूनच सहसा १४२० धरतं. तपासण्यापुरतं १२८० करून बघ. चाललं तर हळूहळू वाढव. त्याखाली नको जाऊस, आयपीव्ही६ ला (आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीला) किमान तेवढं लागतंच.

तू सांगितलेला तो मॅकवाला कॉल, ज्यात इन्स्टॉल नीट होतं पण कनेक्ट दाबल्यावर काहीच होत नाही, त्यात माझा संशय सिस्टम एक्स्टेन्शनवर (ॲपने सिस्टममध्ये बसवायचा भाग) आहे. मॅक ते आधी अडवून ठेवतं, आणि लोक घाईत ती खिडकी बंद करतात. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ‘अलाऊ’ थांबलेलं आहे का बघ. नव्या आवृत्तीत लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्समध्येही बघावं लागतं. आणि कोणी पीपीटीपी या जुन्या व्हीपीएन पद्धतीची सेटिंग घेऊन आलं, तर शोधत बसू नकोस, ॲपलने ते २०१६ मध्येच काढलं. ते सुरक्षितही नव्हतं.

अँड्रॉइडवर बहुतेक वेळा बॅटरीची बचत क्लायंटला मारते. नाहीतर ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक’ चालू राहतं आणि व्हीपीएन तोडल्यावर फोनचं नेटच जातं. एक फुकटचं व्हीपीएन ॲपही आहे का, हे प्रत्येकाला विचार. विंडोजवर तर दोन क्लायंट एकमेकांचे रूट (डेटाच्या वाटा) आणि डीएनएस बिघडवतात, आणि ‘सगळे टॅप ॲडॉप्टर (व्हीपीएनची आभासी नेटवर्क कार्डं) वापरात आहेत’ हा एररही बऱ्याचदा त्यातूनच येतो.

आणि बाळा, कितीही घाई असली तरी फोनवर कोणाचा पासवर्ड विचारायचा नाही. कॉन्फिग फाइल व्हॉट्सॲपवर मागवायची नाही, त्यात प्रायव्हेट की असते. कोणी आपणहून पाठवलीच, तर ती की बाद करून कींची नवी जोडी करून दे. फायरवॉल तपासणीपुरती बंद केलीस, तर समोरच्याने ती परत चालू केल्याचं ऐकल्याशिवाय फोन ठेवू नकोस. ती माणसं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून बटणं दाबत असतात.

अडलेल्या केसचा लॉग मला पाठव, नावं आणि आयपी झाकून. रविवारी मी घरीच आहे, दोघं मिळून वाचू. रात्रपाळीत डबा वेळेवर खा.

तुझी,
आई