गुरगुरणं बंद झालं म्हणजे कुत्रं सुधारलं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पाळीव कुत्र्यांवर पानभर लेख होता, बाकी लेख छानच, पण चिडक्या कुत्र्याबद्दल सल्ला काय तर टीव्हीवरचे डॉग ट्रेनिंगचे शो बघा आणि घरात बॉस कोण ते कुत्र्याला दाखवून द्या. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण हॉलीचा भाग तेवढा ठेवा.

हे शो म्हटलं की पहिलं नाव सीझर मिलानचं. माणूस मूळचा मेक्सिकोचा, आजोबांच्या शेतावर कुत्र्यांमध्ये वाढलेला, शिक्षण म्हणाल तर या विषयातलं काहीच नाही, सगळं बघून बघून शिकलेला. त्याचा 'डॉग व्हिस्परर' 2004 ते 2012 नॅशनल जिओग्राफिकवर चालला, आपल्याकडेही लोकांनी तो आवडीने पाहिला आणि आता त्याचे तुकडे रील्समध्ये फिरत असतात. साचा ठरलेला. आधी कुत्रं दात विचकून अंगावर येतंय, मागे धडधडणारं म्युझिक, मालकीण रडतेय, मग हा शांतपणे आत येतो, 'त्श्श्' करतो, मानेला बोटांनी टोचतो, पट्टा वर खेचतो, कधी बरगडीला पायाने ढोसतो, कधी कुत्र्याला कुशीवर पाडून दाबून धरतो, आणि पाचेक मिनिटांत कुत्रं गप्प. मालकीण पुन्हा रडते, यावेळी आनंदाने. आणि हो, स्क्रीनवर एक पाटी पण येते की तज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे घरी करू नका. ती कोण वाचतं!

आता हॉली. ही पिवळी लॅब्राडोर, 2012 मधल्या भागातली, तक्रार एवढीच की जेवताना जवळ कोणी आलं तर गुरगुरते. मिलान तिच्या भांड्यापाशी जाऊन उभा राहतो, ती गुरगुरते, तो मानेवर हाताने फटका मारल्यासारखं करतो, ती दात दाखवते, मागे सरते, तोंड फिरवते, जमिनीवर बसते, म्हणजे एका कुत्र्याला 'बाबा रे, मला भांडायचं नाहीये' हे जेवढ्या प्रकारे सांगता येतं तेवढं सगळं सांगून झालं, तरी हा तिच्यावर वाकून उभाच, आणि मग हात तिच्या तोंडाजवळ जातो आणि ती कडकडून चावते. हातातून रक्त. त्यावर तो काय म्हणतो, तर हे येताना मला दिसलं नाही! मी तो तुकडा टीव्हीचा आवाज बंद करून पाहिलाय. तुम्हीही पाहा, कारण आवाज असला की आपण निवेदक सांगेल ते बघतो, आवाज गेला की कुत्रं दिसायला लागतं. जीभ पटकन ओठावरून फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, एक पाय उचललेला, अंग एकदम ताठ. ही सगळी भीती आहे. टीव्हीवर याच कुत्र्याला डॉमिनंट, म्हणजे बॉसगिरी करणारं, म्हणतात आणि शेवटी ते पडून राहिलं की त्याला शांत म्हणतात.

ते पडून राहणं काय असतं? 1967 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरच प्रयोग केले होते (क्रूर होते, आज कोणी परवानगी देणार नाही). ज्या कुत्र्यांना शॉकपासून सुटायचा कुठलाच मार्ग ठेवला नव्हता त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी पुढे सुटायची सोय असतानाही धडपड केली नाही, नुसती पडून राहिली. दाबून धरलेलं कुत्रं ढिलं पडतं तेव्हा ते असंच हात टेकलेलं असू शकतं, आणि पाच मिनिटांच्या क्लिपमध्ये ते 'बरं झालेलं' दिसतं. कॅमेरा निघून गेल्यावर पुढच्या महिन्यात त्या घरात काय झालं ते आपल्याला कुठे दाखवतात.

माझा मेन मुद्दा गुरगुरण्याचा आहे. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने चावायच्या आधी दिलेली सूचना. ती दिल्याबद्दल प्रत्येक वेळी फटका मिळाला तर कुत्रं सूचना देणं बंद करतं, पण पोटातली भीती आहे तिथेच राहते, आणि मग एक दिवस ते आवाज न करता थेट चावतं आणि लोक म्हणतात की अहो अचानक चावलं, काही केलं नव्हतं. ज्या घरात रांगणारं पोर आहे तिथे मला तरी गुरगुरणारं कुत्रं परवडेल, मुकं केलेलं नाही.

हे माझ्या मनचं नाही. 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्याच व्हेटर्नरी वाल्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांचा सर्व्हे छापला. कुत्र्याला मारणं किंवा लाथ घालणं हे ज्यांनी केलं होतं त्यातल्या 43 टक्के लोकांवर कुत्रं उलटलं होतं, पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी 31 टक्के, डोळ्यात डोळे घालून रोखून बघणाऱ्यांपैकी 30 टक्के. मालकांनी स्वतः सांगितलेली माहिती आहे आणि कुत्री आधीच त्रासातली होती, त्यामुळे आकडे सगळ्या कुत्र्यांना जसेच्या तसे लावू नका, पण टीव्हीवर हे प्रकार अशाच कुत्र्यांवर करतात ना? अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने 2008 मध्ये या बॉसगिरीच्या विरोधात भूमिका घेतली, आणि 2021 मध्ये तर स्पष्टच सांगितलं की आक्रमक कुत्र्यांसकट सगळ्यांनाच बक्षीस देऊन शिकवा. त्याच्याही आधी 2006 मध्ये अमेरिकन ह्युमेन असोसिएशनने नॅशनल जिओग्राफिकला हा कार्यक्रम बंद करा म्हणून सांगितलं होतं. कार्यक्रम पुढे सहा वर्षं चालला.

आणि ती अल्फाची गोष्ट, म्हणजे कळपात एक दांडगा बॉस असतो आणि बाकीचे त्याला दबून राहतात ही. 1947 मध्ये शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या बघून लिहिलं, 1970 मध्ये डेव्हिड मेक यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकाने ते सगळीकडे नेलं. मग याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे आई, बाप आणि पोरं, यात अल्फा कसला. स्वतःचंच पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते, ते 2022 मध्ये एकदाचं थांबलं. लांडग्यांमधून अल्फा गेला पण आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून ठाण मांडून आहे.

मिलानची बाजू अजिबातच नाही असं नाही. कुत्र्याला रोज भरपूर चालवा, मालकाने आरडाओरडा न करता वागा, हे तो म्हणतो ते शंभर टक्के बरोबर, फ्लॅटमधल्या आपल्या कुत्र्यांना शी-शूपुरतं खाली नेतात आणि मग ते चिडतं म्हणून रडतात. पिटबुलसारख्या बदनाम कुत्र्यांच्या बाजूने तो उभा राहिला हेही खरं. त्याचे चाहते म्हणतात की ही कुत्री नाहीतर इंजेक्शन देऊन मारलीच असती. पण मारणं आणि दाबून धरणं याच्यामध्ये काहीच नाही का? 2016 मध्ये त्याच्या दुसऱ्या शोमध्ये, आधी डुकरं मारलेल्या एका बुलडॉग जातीच्या मिश्र कुत्र्याला डुकराजवळ नेलं आणि त्याने डुकराच्या कानाचा चावा घेतला, लॉस एंजेलिसमध्ये चौकशी झाली, गुन्हा दाखल झाला नाही. पण कुत्र्याला तयारी नसताना त्या जागी उभंच का केलं, हा प्रश्न तसाच राहतो.

मधलं जे आहे ते टीव्हीवर अत्यंत कंटाळवाणं दिसेल, खरी अडचण तीच. चिडायला लागलेलं कुत्रं आधी पशुवैद्याकडे, कारण कान, दात, कंबर, काहीतरी दुखत असू शकतं. मग ज्याची भीती आहे ते इतकं लांब ठेवायचं की कुत्र्याला दिसतंय पण ते भडकत नाहीये, आणि तिथे चिकनचा तुकडा, परत थोडं जवळ, परत तुकडा, असं आठवडे महिने. हॉलीसारखी केस असेल तर भांड्याला हातच लावायचा नाही, लांबून जाताजाता काहीतरी जास्त चांगलं तिच्याकडे टाकायचं, म्हणजे माणूस येतोय ही तिच्यासाठी आनंदाची बातमी होते. तोवर पोरांना जेवणाच्या जागेपासून लांब, बाहेर जाताना तोंडाला जाळीचा मझल, काही कुत्र्यांना डॉक्टरच्या सल्ल्याने गोळ्याही. ब्रिटनची ट्रेनर व्हिक्टोरिया स्टिलवेल 2005 पासून टीव्हीवर बक्षीस-पद्धतच दाखवत आली, म्हणजे कार्यक्रम होऊ शकतो, फक्त तडतड म्युझिक तेवढं शोभत नाही.

आपल्याकडे ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही, त्यामुळे दोन सीझन बघून 'बिहेवियरिस्ट' झालेले बरेच आहेत. आमच्याच भागात एकाने ओळखीच्यांच्या इंडी (आपल्या देशी) कुत्रीला गळ्याच्या साखळीने लटकवल्यासारखं धरलं, फी घेतली, आणि आता ती घरच्यांचा हात वर झाला तरी मुतते. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात प्राण्याला मारहाण केल्याच्या पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे, म्हणजे सोसायटीचं पार्किंग चुकवलं तर जास्त बसतो.

तर विनंती दोन. पुरवणीत एखाद्या पशुवैद्याकडून कुत्र्याची देहबोली फोटोंसकट समजावून देणारा लेख घ्या. आणि छोट्या जाहिरातींमध्ये 'आठवड्यात आक्रमक कुत्रा सरळ, गॅरंटी' असं येतं ना, ते घेण्याआधी सरळ म्हणजे कसा, काय करून, एवढं तरी विचारा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक, नाशिक

ता.क. घरचं असो की बाहेरचं, कुत्रं चावलं तर हळद-तिखट लावत बसू नका, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. हे चौकटीत छापलंत तर बरं होईल.